‘श्रूड’ म्हणजे धूर्त की शहाणा?

एखादा ज्येष्ठ राजकारणी कालवश झाला, की इंग्रजी वृत्तपत्रांतील मृत्युलेखात ‘श्रूड’ हे विशेषण बहुधा आढळतेच. लिहिणाऱ्याच्या मनात दिवंगताविषयी आदर असतो. माणसांची पारख, परिस्थितीचा अचूक अंदाज आणि योग्य वेळी योग्य पाऊल टाकण्याची हातोटी हे सारे त्याला एकाच शब्दात सांगावयाचे असते. हाच मजकूर घाईघाईने मराठीत उतरविण्याची वेळ आली, की भाषांतरकार कोश उघडतो आणि समोर दिसेल तो ‘धूर्त’ हा शब्द उचलतो. दुसऱ्या दिवशी मराठी वाचकापुढे जे वाक्य येते, त्यात मूळचा आदर औषधालाही उरलेला नसतो. श्रद्धांजलीची निंदा झालेली असते, आणि तीही कोणाच्या मनात नसताना.

याच्या उलट प्रकार शाळेच्या वर्गात घडतो. आजोबांवर इंग्रजीत निबंध लिहावयाचा असतो. ‘आजोबा फार शहाणे होते’ हे वाक्य विद्यार्थ्याच्या मनात मराठीतून उमटते. ‘शहाणा’ या शब्दाला कोशात जे प्रतिशब्द दिलेले असतात, त्यांतील जरा वजनदार वाटणारा म्हणून तो ‘श्रूड’ निवडतो. वाचणाऱ्या इंग्रजाच्या डोळ्यांपुढे मात्र नातवंडांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगणारे आजोबा येत नाहीत. बैलाच्या सौद्यात समोरच्याला सहसा हार न जाणारे, व्याजाचा हिशेब तोंडपाठ असणारे आजोबा येतात. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष असते, पण आजोबा बदलून गेलेले असतात.

या दोन्ही चुकांचे खापर केवळ कोशांवर फोडता येणार नाही. मुळात हा शब्दच दुहेरी आयुष्य जगत आलेला आहे. इंग्रजीत बुद्धीचे तीक्ष्णपण दाखविणारी विशेषणे अनेक आहेत. परंतु चारित्र्याच्या इतक्या तळापासून इतक्या वर चढलेले दुसरे विशेषण शोधूनही सापडणे कठीण. त्याची कुळकथा पाहिल्याखेरीज त्याचा अर्थ नीट उमगत नाही.

चिचुंद्रीचा वारसा

‘श्रू’ म्हणजे चिचुंद्रीच्या जातीचा एक लहानसा प्राणी. दिसावयास उंदरासारखा, पण कुळाने उंदीर नव्हे. लांब निमुळत्या तोंडाचा आणि किडेमकोडे खाऊन जगणारा. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा एवढाच अर्थ होता. परंतु इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून या बिचाऱ्या प्राण्याविषयी फार वाईट समज होते. त्याचा दंश विषारी असतो आणि तो नुसता गुराच्या अंगावरून धावत गेला तरी त्या गुराला वेदना जडतात, पाय लुळा पडतो, असे लोक मानीत. हॅम्पशर परगण्यातील सेलबर्न गावचे पाद्री आणि निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी 1789 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात यावरील तोडग्याची हकिकत नोंदवून ठेवली आहे. ॲश वृक्षाच्या खोडाला भोक पाडून त्यात जिवंत चिचुंद्री कोंडावयाची आणि भोक बुजवून टाकावयाचे. मग त्या झाडाच्या डहाळ्या दुखणाईत जनावराच्या अंगावरून फिरवावयाच्या, म्हणजे पीडा जाते, अशी ही श्रद्धा होती. श्रद्धा भोळी खरी, पण तिच्यात तथ्याचा एक कण होता. युरोपातील पाणचिचुंद्री आणि उत्तर अमेरिकेतील आखूड शेपटीची चिचुंद्री यांच्या लाळेत खरोखरच विष असते, हे पुढे शास्त्राने सिद्ध केले. मात्र ते विष लहानसहान भक्ष्याला जेरीस आणण्यापुरते असते. गाईबैलांना लंगडे करण्याइतके नव्हे.

प्राण्याची ही बदनामी माणसाच्या माथी आली ती मध्ययुगात. तेराव्या शतकापासून इंग्रजीत ‘श्रू’ म्हणजे दुष्ट मनुष्य असा अर्थ आढळू लागतो. कधी कधी तर खुद्द सैतानालाच हे नाव दिलेले दिसते. शाप देणे या अर्थाचे क्रियापदही याच शब्दापासून झाले. ‘श्रूड’ हे विशेषण या घराण्यातले. त्याचा आरंभीचा अर्थ बुद्धीशी मुळीच निगडित नव्हता. दुष्ट, पापी, अनिष्ट, शापित हेच त्याचे अर्थ होते. त्या काळी कोणी कोणाला ‘श्रूड’ म्हटले असते, तर ती शिवी ठरली असती.

दोन बायबले, एक शब्द

हा बदल किती मोठा आहे हे पाहावयाचे असेल, तर बायबलची दोन इंग्रजी भाषांतरे शेजारी ठेवावीत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन विक्लिफ आणि त्याचे अनुयायी यांनी लॅटिनमधून बायबल इंग्रजीत आणले. त्यात वाकड्या वाटेने गेलेल्या, भ्रष्ट झालेल्या पिढीपासून स्वतःला वाचवा, असा उपदेश जेथे येतो, तेथे त्या भ्रष्ट पिढीला लावलेले विशेषण आहे ‘श्रूड’. अर्थात त्या काळच्या वर्णलेखनाप्रमाणे लिहिलेले. विसाव्या शतकात, 1978 साली, ‘न्यू इंटरनॅशनल व्हर्शन’ हे भाषांतर संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले. येशू आपल्या शिष्यांना लांडग्यांच्या जगात पाठविताना सापासारखे आणि त्याच वेळी कबुतरासारखेही होण्यास सांगतो, हा प्रसंग सर्वपरिचित आहे. तेथे सापाचा जो गुण घ्यावयाचा, त्याला 1611 च्या राजमान्य भाषांतराने ‘वाइज’ म्हटले होते; नव्या भाषांतराने ‘श्रूड’ म्हटले. म्हणजे सहा शतकांपूर्वी ज्या दोषापासून श्रद्धावंतांनी दूर पळावयाचे, त्याच दोषाचे नाव आता श्रद्धावंतांनी अंगी बाणवावयाच्या गुणाला मिळाले आहे. धर्म तोच, ग्रंथ तोच. शब्द मात्र आरोपीच्या पिंजऱ्यातून उठून न्यायाधीशाच्या आसनावर जाऊन बसला.

याच ग्रंथात एका कारभाऱ्याचा दृष्टांत आहे. धन्याच्या मालमत्तेची उधळपट्टी केल्याचा ठपका त्याच्यावर येतो आणि नोकरी जाण्याची वेळ येते. अंगमेहनत झेपत नाही आणि भीक मागण्याची लाज वाटते, अशा पेचात सापडलेला हा गृहस्थ धन्याच्या ऋणकोंना एकेक करून बोलावतो. तेलाची शंभर मापे देणे असलेल्याला पन्नासाचा कागद करावयास सांगतो, गव्हाची शंभर मापे देणाऱ्याला ऐंशीचा. उद्या दार बंद झाले तर हीच मंडळी आपल्याला घरात घेतील, हा त्याचा हिशेब. धन्याला हे कळते तेव्हा तो संतापण्याऐवजी कारभाऱ्याचे कौतुक करतो. या कौतुकासाठीही जुन्या भाषांतराने शहाणपणाचा शब्द योजला होता, तर नव्याने ‘श्रूड’ या विशेषणापासून झालेले क्रियाविशेषण वापरले. येथे नवे भाषांतर अधिक नेमके आहे, असेच म्हणावे लागेल. कारण त्या कारभाऱ्याला मूळ ग्रंथ अप्रामाणिकच म्हणतो. वाखाणणी झाली ती त्याच्या सचोटीची नव्हे, तर वेळ ओळखण्याच्या त्याच्या बुद्धीची. कृत्याला दोष आणि बुद्धीला दाद, ही दुहेरी भावना एका शब्दात मावते, हेच ‘श्रूड’चे वैशिष्ट्य होय.

वाऱ्यापासून बुद्धीपर्यंत

दुष्टापासून बुद्धिमानापर्यंतची ही मजल एका उडीत गाठलेली नाही. मधली पायरी शेक्सपिअरच्या नाटकांतून स्पष्ट दिसते. ‘हॅम्लेट’मध्ये (ज्याचे ‘विकारविलसित’ हे मराठी रूप गोपाळ गणेश आगरकरांनी 1883 साली प्रसिद्ध केले) मध्यरात्री किल्ल्याच्या तटावर उभा असलेला राजपुत्र थंडीविषयी बोलताना हवा कशी बोचते हे सांगण्यासाठी याच शब्दाचे क्रियाविशेषण वापरतो. ‘ए मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये पक या खोडकर पिशाचाची ओळख करून देताना एक परी त्याला हेच विशेषण लावते, तेथे अर्थ आहे उपद्रवी. ‘मच अडो अबाउट नथिंग’मध्ये बिअ‍ॅट्रिसच्या तिखट जिभेविषयी बोलताना तिचा चुलता हाच शब्द योजतो. वारा बोचतो, खोडी झोंबते, जीभ लागते. यापुढची पायरी म्हणजे नजर भेदून जाते आणि बुद्धी आरपार पाहते. दुष्ट, मग बोचरा, मग तीक्ष्ण आणि अखेर तीक्ष्णबुद्धी, असा हा क्रम आहे. सोळाव्या शतकात ‘श्रूड’ला बुद्धीचा संबंध चिकटला तो कावेबाजपणाच्या अर्थाने. पुढील दोन-तीन शतकांत कावा मागे पडत गेला आणि चाणाक्षपणा पुढे आला.

याच शेक्सपिअरच्या एका नाटकाच्या नावातच ‘श्रू’ हा शब्द आहे आणि त्या नाटकाचा मराठी रंगभूमीशी जुना ऋणानुबंध आहे. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’चे वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी केलेले ‘त्राटिका’ हे रूपांतर शाहूनगरवासी मंडळीने गाजविले. केळकरांनी चिचुंद्रीच्या मागे न लागता रामायणातील राक्षसीचे नाव उचलले, यात त्यांची भाषेची जाण दिसते. इंग्रजाला कजाग बाई म्हटली की चिचुंद्री आठवते, मराठी माणसाला त्राटिका. प्राणी बदलला, पण अर्थ रेसभरही हलला नाही.

येथे एक गोष्ट नजरेतून निसटता कामा नये. आरंभी ‘श्रू’ हा शब्द पुरुषालाही लागत असे; किंबहुना तो प्रथम दुष्ट पुरुषालाच लागला. पुढे या घराण्याच्या दोन शाखा झाल्या. ‘श्रू’ हे नाम आणि ‘श्रूइश’ हे विशेषण केवळ बाईच्या वाट्याला आले, आणि त्यांचा अर्थ भांडकुदळ, कजाग एवढाच उरला. ‘श्रूड’ला मात्र प्रतिष्ठा मिळाली आणि तो प्रामुख्याने व्यापार, राजकारण, कायदा अशा पुरुषांच्या मानल्या गेलेल्या क्षेत्रांत वावरू लागला. एकाच शिवीतून पुरुषाला प्रशस्तिपत्र मिळाले आणि बाईला शिवीच मिळाली. मराठीने या बाबतीत इंग्रजीला हसण्याचे कारण नाही. उलट प्रश्न विचारणारा मुलगा आपल्याकडे ‘चुणचुणीत’ ठरतो आणि तोच प्रश्न विचारणारी मुलगी ‘आगाऊ’ ठरते. कचेरीत आपला मुद्दा न सोडणारा पुरुष ‘खमक्या’ असतो, बाई ‘फटकळ’ असते. शब्दांच्या या वाटणीत बुद्धीचे मोजमाप कमी आणि मोजणाऱ्याच्या मनाचे दर्शन अधिक घडते.

शब्दांचा बाजारभाव

‘श्रूड’ वर चढत असताना त्याच भाषेतील काही कुलीन शब्द खाली उतरत होते. ‘कनिंग’ हा शब्द जाणणे या अर्थाच्या धातूपासून झाला. 1611 च्या बायबलमध्ये निष्णात कारागिराला आणि उत्तम वीणावादकालाही तो गौरवाने लावलेला आहे. आज त्याचा अर्थ कपटी. ‘क्राफ्टी’ म्हणजे मुळात बलवान आणि हुन्नरी, आज कारस्थानी. याउलट ‘कीन’ म्हणजे मूळचा शूर, ‘अक्यूट’ म्हणजे लॅटिनमध्ये टोक काढलेला. त्यांची प्रतिष्ठा टिकली. ‘क्लेव्हर’ हा आज शाळाशाळांतून गौरवाने उच्चारला जाणारा शब्द; पण 1755 साली डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी आपल्या कोशात त्याची संभावना हलक्या दर्जाचा, बोलण्यात किंवा थट्टेतच वापरला जाणारा शब्द अशी केली होती. ‘स्मार्ट’चे मूळ तर वेदनेत आहे, जखम झोंबते या अर्थी ते क्रियापद आजही इंग्रजीत जिवंत आहे. 2015 साली सुरू झालेल्या स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या यादीत 2016 च्या जानेवारीत पुणे आणि सोलापूर ही शहरे आली, तेव्हा त्यांना मिळालेले विशेषण मुळात दुखणाईताच्या कण्हण्यातून जन्मले आहे, हे फारच थोड्यांच्या ध्यानी आले असेल.

या चढउताराच्या दुसऱ्या टोकाला ‘सिली’ हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ सुखी, ईश्वराचा आशीर्वाद लाभलेला. आशीर्वाद लाभलेला तो निष्पाप, निष्पाप तो बिचारा, बिचारा तो दुबळा आणि दुबळा तो मूर्ख, अशा उतरणीवरून हा शब्द आजच्या जागी येऊन पोहोचला. निष्पाप माणसासाठी असलेला शब्द मूर्खपणाला लागला आणि दुष्टासाठी असलेला शब्द चाणाक्षपणाला लागला. अर्थात दोन शब्दांवरून साऱ्या समाजाचा निवाडा करणे अन्यायाचे होईल. पण शब्द हवेत बदलत नाहीत. ज्या समाजात माणूस आपल्या गावच्या ओळखीच्या चार घरांपलीकडे जाऊन अनोळखी माणसांशी सौदे करू लागतो, त्या समाजाला समोरच्याचा डाव ओळखण्याची गरज भासते. ती गरज जसजशी वाढते, तसतशी त्या कौशल्याभोवतीची भीती ओसरते आणि त्याचे मोल वाढत जाते, असे मानावयास जागा आहे.

वापरातील काटेकोरपणा

तेव्हा आजच्या इंग्रजीत ‘श्रूड’ नेमका कोठे वापरावयाचा? प्रथम उच्चार. वर्णलेखन पाहून अनेक विद्यार्थी अडखळतात. परंतु हा एकाच अवयवाचा शब्द आहे आणि त्यातील स्वर ‘क्रू’ या शब्दातल्यासारखा दीर्घ आहे. आता अर्थ. गणितात पैकीच्या पैकी गुण मिळविणारी मुलगी ‘इंटेलिजंट’ असते, चटकन उत्तर सुचणारा मुलगा ‘क्लेव्हर’ असतो. त्यांना ‘श्रूड’ म्हणत नाहीत. नवा सिद्धान्त मांडणाऱ्या शास्त्रज्ञालाही त्या सिद्धान्तासाठी कोणी ‘श्रूड’ म्हणणार नाही. मात्र त्याच शास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगशाळेसाठी अनुदान कोणाकडे आणि केव्हा मागावे हे बरोबर ओळखले, तर तेथे हा शब्द चपखल बसतो. माणसांचे आणि परिस्थितीचे ज्ञान, व्यवहारी निर्णय आणि लाभहानीवर नजर, या तीन गोष्टी एकत्र आल्या की ‘श्रूड’ची जागा तयार होते. यांतील एक जरी नसेल, तरी दुसरा शब्द शोधावा.

‘कनिंग’ आणि ‘श्रूड’ यांतील सीमारेषा विद्यार्थ्यांना सर्वांत अधिक सतावते. तिच्यासाठी एक सोपी कसोटी आहे. कनिंग माणूस स्वतःला लपवितो; श्रूड माणूस दुसऱ्याला ओळखतो; वाइज माणूस स्वतःलाही ओळखतो. पहिल्यात फसवणूक गृहीत आहे, दुसऱ्यात ती गृहीत नाही, पण तिची हमीही दिलेली नाही, आणि तिसऱ्यात ती संभवत नाही. ‘अ‍ॅस्ट्यूट’ हा ‘श्रूड’चा जवळचा नातलग, तो थोडा अधिक ग्रांथिक आणि अधिक सौम्य. गंमत अशी, की तोही ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचा अर्थ कावाच होता.

मराठीत आणताना एकच प्रतिशब्द सर्वत्र चालविण्याचा हट्ट सोडावा, हे उत्तम. ‘श्रूड गेस’ म्हणजे धूर्त अंदाज नव्हे, तर माहितीच्या आधारावर बांधलेला नेमका तर्क. ‘श्रूड इन्व्हेस्टमेंट’ म्हणजे दूरवर पाहून केलेली गुंतवणूक. ‘श्रूड जज ऑफ कॅरेक्टर’ म्हणजे माणसांची उत्तम पारख असणारा. राजकारण्याच्या बाबतीत ‘धोरणी’ किंवा ‘मुत्सद्दी’, व्यापाऱ्याच्या बाबतीत ‘व्यवहारचतुर’, आणि सर्वसाधारणपणे ‘चाणाक्ष’ हे शब्द मूळ भाव राखतात. गावाकडचा ‘बेरकी’ हा शब्दही जवळ येतो, पण त्यात मिस्किलपणाची छटा असल्यामुळे तो जपून वापरावा. ‘धूर्त’ मात्र तेव्हाच योजावा, जेव्हा मूळ लेखकाला त्या बुद्धीतील बोच दाखवावयाची असते. हा निर्णय कोश घेऊ शकत नाही, की मोबाइलमधील भाषांतरयंत्रावरही तो सोपवून चालत नाही. तो वाचणाऱ्याने संदर्भावरून घ्यावयाचा असतो.

साडेतीन शहाणे आणि एक कारकून

‘धूर्त’ या शब्दाची मराठीतील कहाणी ‘श्रूड’च्या कहाणीइतकीच बोलकी आहे. संस्कृतात धूर्त म्हणजे ठक किंवा जुगारी. समर्थ रामदासांच्या दासबोधात मात्र तोच शब्द जाणत्या, सावध, लोकांचे अंतरंग ओळखणाऱ्या चतुर पुरुषासाठी आदराने आलेला आहे. तेथे धूर्तपणा हा टाळावयाचा दोष नसून राजकारण करणाऱ्याने अंगी आणावयाचा गुण आहे. पुढे तो शब्द पुन्हा घसरला आणि आज त्याला प्रशंसेच्या पंक्तीत पान मिळत नाही. ‘श्रूड’ खालून वर गेला. ‘धूर्त’ वर जाऊन परत खाली आला. दासबोध वाचणाऱ्या विद्यार्थ्याने आजचा अर्थ मनात धरला, तर समर्थांवरच अन्याय होईल.

मराठीतील ‘शहाणा’ हाही असाच दुधारी शब्द. पेशवाईतील साडेतीन शहाणे प्रसिद्ध आहेत. सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण आणि नाना फडणवीस अर्धे. कारण नानांची बुद्धी अपार असली तरी तलवारीचे अंग त्यांच्यापाशी नव्हते, असे परंपरा सांगते. यांतील देवाजीपंत नागपूरकर भोसल्यांचे, तर विठ्ठल सुंदर हा चक्क निजामाचा दिवाण. 1763 साली राक्षसभुवनच्या लढाईत तो पेशव्यांविरुद्ध लढताना मारला गेला. शत्रूच्या दिवाणालाही शहाण्यांच्या मालिकेत पूर्ण स्थान आणि आपल्या नानांना अर्धे, हा न्याय विचार करावयास लावणारा आहे. येथे ‘शहाणा’ याचा अर्थ सद्गुणी असा नाहीच; तो अगदी ‘श्रूड’ असाच आहे. पक्ष कोणता, हेतू कोणता, हे न विचारता केवळ बुद्धीच्या धारेला दिलेली ती दाद आहे. पण हाच शब्द आईने मुलाला ‘मोठा शहाणा लागून गेलास’ असे म्हणताना वापरला, की दादेची फटकार होते. आणि त्यापुढे ‘दीड’ किंवा ‘अति’ लागला, की त्याचा बैल रिकामाच राहतो.

‘मुत्सद्दी’ या शब्दाचा प्रवास तर कचेऱ्यांतून काम करणाऱ्या वाचकांना विशेष सुखावणारा आहे. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द मूळचा लेखनिकाचा, हिशेबनिसाचा आणि कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याचा वाचक. मोगल अमदानीत सुरत बंदराचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला हेच नाव होते. मराठी दरबारात कागदपत्रे सांभाळणारा, पत्रांचे मसुदे करणारा, कोणाच्या शब्दामागे काय दडले आहे हे शाईच्या रंगावरून ओळखणारा हा माणूस हळूहळू राजकारणाचा सूत्रधार बनला आणि त्याच्या हुद्द्याचे नाव राजनीतिनिपुणतेचे विशेषण झाले. खुद्द ‘फडणवीस’ हेही मुळात दफ्तराचे, हिशेबाचे पद होते, आणि ते भूषविणाऱ्या नानांना पुढे ‘मराठ्यांचा मॅकियाव्हेली’ म्हटले गेले. इंग्रजीत एक शिवी वर चढून शहाणपण झाली. मराठीत एक टेबल वर चढून राजसभा झाले.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही

आता या साऱ्याचा शिक्षकाला, कारकुनाला किंवा विद्यार्थ्याला उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. परीक्षेतील एका गुणापुरताच हा विषय असता, तर त्याला वृत्तपत्राच्या या पानावर जागा देण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या शब्दांनी माणसे एकमेकांच्या बुद्धीचे मोल करतात, त्याच शब्दांनी ती आपल्या मुलांना काय व्हावयाचे ते शिकवीत असतात. आज घरोघरी ‘तो फार प्रॅक्टिकल आहे’ हे वाक्य कौतुकाने उच्चारले जाते, आणि ‘तो अगदी साधा आहे हो’ हे वाक्य सुस्कारा टाकून. ‘भोळा’चा ‘भोळसट’ झाला, ‘देवमाणूस’ हा शब्द निम्म्या वेळा कीव करण्यासाठी वापरला जाऊ लागला. ‘सिली’ ज्या उतरणीवरून गेला, त्या उतरणीच्या तोंडाशी मराठीतील हे शब्द उभे आहेत. त्यांना तेथून ढकलावयाचे की हात धरून मागे घ्यावयाचे, हे कोशकार ठरवीत नाहीत. वर्गात, कचेरीत आणि घरात बोलणारी माणसे ठरवितात.

याचा अर्थ चाणाक्षपणा त्याज्य आहे असा मुळीच नव्हे. ज्याला समोरच्याचा डाव कळत नाही, तो स्वतः फसतो आणि आपल्यावर विसंबलेल्यांनाही फसवितो. सापाचा आणि कबुतराचा एकत्र उल्लेख झाला, तो उगाच नव्हे. अडचण उद्भवते ती केवळ एकच गुण वेगळा काढून त्याची पूजा मांडल्यावर. ‘श्रूड’ हे विशेषण माणसाच्या बुद्धीविषयी पुष्कळ सांगते, पण ती बुद्धी त्याने कोणाच्या कामी लावली याविषयी अवाक्षर काढीत नाही. प्रशस्तिपत्रात हा शब्द वाचणाऱ्याने ते मौनही वाचावयास हवे, आणि लिहिणाऱ्याने ते मौन आपल्याला खरोखर राखावयाचे आहे काय, याचा विचार करावयास हवा.

तीक्ष्ण बुद्धीसाठी आपल्या परंपरेने दर्भाची उपमा निवडली. कुश म्हणजे दर्भ. त्याचे पाते इतके धारदार, की बेसावध हाताला चटकन कापते. त्याच्या टोकासारखी बुद्धी ती ‘कुशाग्र’. परंतु जुन्या पंडितांनी याच कुशापासून आणखी एका शब्दाची व्युत्पत्ती सांगितली आहे. जो हात कापून न घेता दर्भ खुडून आणू शकतो, तो ‘कुशल’. धार ओळखणे एवढ्यावर कुशाग्रता संपते. धार हाताळताना रक्त न काढणे येथे कुशलता सुरू होते. ‘श्रूड’ला इंग्रजीत दंशापासून दादेपर्यंत यावयास सहा-सात शतके लागली. तो मराठीत आणताना तो दंश कोठे उरला आहे आणि कोठे नाही, एवढे पाहूनच शब्द उचलणारा भाषांतरकार, तसेच तो शिकविणारा शिक्षक, कुशल म्हणविण्यास पात्र होय.